रविवारच्या गाडीतली भांडणं

पत्र: आमचं पाच जणांचं घरचंच लोकसंगीताचं पथक आहे. मी गाते आणि ॲकॉर्डियन वाजवते, नवरा गिटार, धाकटे दीर मँडोलिन, १५ वर्षांची मुलगी व्हायोलिन आणि १० वर्षांचा मुलगा डफ. गेल्या हंगामात महोत्सवांच्या ११ तारखा केल्या. यंदा १८ मागण्या आल्यात, त्यातल्या दोन परदेशातल्या. नाही म्हणायला जीव होत नाही. पण प्रत्येक ठिकाणी पहिली दोन गाणी आवाज जमवण्यातच जातात, मँडोलिन आणि माझं ॲकॉर्डियन कधी एका सुरात वाटत नाहीत, आणि परतीच्या गाडीत हमखास भांडण होतं. एकदा तर शनिवारी रात्री सव्वादहाला संपवून रविवारी दुपारी एकला ३८० किलोमीटरवर उभे राहिलो. गाडी बहुतेक वेळा भावजीच चालवतात. चार वाटे आमच्या घरात येतात आणि आपल्याला एकच, हे त्यांच्या मनात आहे. मुलगी म्हणते, मला सगळीकडे यायचं नाही. शिवाय माझ्या ॲकॉर्डियनचे दोन सूर मध्येच बंद पडतात. नवीन घ्यावं का? पथक चालू ठेवायचं आहे, पण घर न मोडता.

उत्तर:

ताई, ते ३८० किलोमीटरचं वाक्य तुम्ही ओघात लिहून पुढे गेलात, पण आमचं बोट तिथेच अडकलं. जरा हिशेब मांडू. सव्वादहाला शेवटचं गाणं. मंच मोकळा करायला १५ मिनिटं, वाद्यं पुसून केसमध्ये ठेवायला २०, विक्रीचं टेबल आवरणं, उरलेलं मानधन घेणं, गाडी भरणं. काहीही केलं तरी पावणेबारा वाजतात. सामानाने भरलेली गाडी थांबे धरून ताशी ६० ते ६५ च्या वर सरासरी देत नाही, म्हणजे सहा तास. रात्रीच निघालात तर पोचायला पावणेसहा. झोपून पहाटे पाचला निघालात तर झोप जेमतेम साडेचार तास. दोन्ही हिशेबांत गाडी चालवणारा माणूस भरडला जातो. डॉसन आणि रीड या संशोधकांनी १९९७ साली 'नेचर'मध्ये दाखवून दिलं होतं की सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकी घसरते. सकाळी सातला उठलेले भावजी रात्री बाराला स्टिअरिंगवर बसतात तेव्हा नेमके त्या रेषेवर असतात. अशा माणसाशी वाट्याच्या हिशेबावर बोलणं निघालं तर भांडण होणारच.

म्हणून सुरुवात तारखांच्या वहीपासून करा. १८ पैकी १८ घ्यायच्या नाहीत. एका शनिवार-रविवारात दोन गावं घ्यायची असतील तर दोघांमधलं अंतर १५० किलोमीटरच्या आत हवं, किंवा पहिला कार्यक्रम दुपारचा हवा. यात न बसणारी जोडी आली की त्यातली एक सोडा, मानधन कितीही असो. हंगामातला प्रत्येक चौथा आठवडा आधीच वहीत फुली मारून ठेवा, मागण्या यायच्या आत. मागणी आल्यावर कोणी फुली मारत नाही.

तारखा कमी झाल्या म्हणजे कमाई त्याच प्रमाणात कमी होते असं नाही. महोत्सववाल्यांना मुख्य मंचाशिवाय लहान मुलांचा मंच, दुपारची कार्यशाळा, सकाळचं छोटं सादरीकरण असं बरंच भरायचं असतं, आणि घरचं पथक तिथे चपखल बसतं. होकार देतानाच विचारा: दोन दिवस राहिलो तर एक मुख्य कार्यक्रम, एक मुलांचा आणि एक तासाची कार्यशाळा मिळून किती द्याल? एका प्रवासाच्या खर्चात तीन कामं होतात आणि रविवारी सकाळी कोणी गाडीत नसतं. मात्र करारातलं एक कलम नीट वाचा. बरेच मोठे महोत्सव अमुक अंतरात, अमुक आठवड्यांत दुसरीकडे वाजवू नका असं लिहून घेतात. ते नजरेतून सुटलं की जवळची, सोयीची तारीख हातची जाते.

आता पहिल्या दोन गाण्यांचं. सभागृहात साउंड चेकला तास-दीड तास मिळतो. महोत्सवात तो नसतोच, तिथे लाइन चेक असतो: प्रत्येक माइक आणि प्रत्येक वायर साउंडवाल्याच्या टेबलापर्यंत पोचतेय का, एवढंच. आधीचं पथक उतरल्यापासून तुमचा पहिला सूर लागेपर्यंत १५ ते २० मिनिटं, आणि त्यातली निम्मी स्टँड हलवण्यात जातात. या वेळात गोडवा शोधायचा नसतो. तो आधी कागदावर उतरवून पाठवायचा असतो.

तो कागद एका पानाचा असावा. वरच्या अर्ध्यात मंचाचा नकाशा: कोण कुठे उभं, कोणाला खुर्ची, मॉनिटर (तुमचाच आवाज तुम्हाला ऐकवणारा मंचावरचा स्पीकर) कुठे, वीज कुठे. डावं-उजवं नेहमी वाजवणाऱ्याच्या बाजूने लिहा आणि तसं लिहिलंय हेही नमूद करा, नाहीतर सगळी मांडणी उलटी होते. खालच्या अर्ध्यात चॅनल यादी, म्हणजे कितव्या वायरवर कोणतं वाद्य. तुमची साधारण अशी होईल: १ डफ, बुटक्या स्टँडवर माइक, २ मँडोलिन, डीआय (वाद्याची वायर साउंडवाल्याच्या टेबलाला जुळवून देणारा छोटा डबा), ३ गिटार, डीआय, ४ व्हायोलिन, क्लिप माइक, त्याला टेबलाकडून ४८ व्होल्ट वीज लागेल, ५ ॲकॉर्डियन उजवा हात, ६ ॲकॉर्डियन डावा हात, ७, ८, ९ गायन. डाव्या हाताचा माइक स्टँडवर ठेवू नका. भाता उघडला की ती बाजू माइकपासून हातभर लांब जाते आणि खालचे सूर येतात-जातात. तिथे वाद्यालाच चिकटणारा छोटा माइक हवा. डफ आणि व्हायोलिन मंचाच्या दोन टोकांना ठेवा, नाहीतर व्हायोलिनच्या क्लिप माइकमधून डफच जास्त ऐकू येईल आणि साउंडवाला नाइलाजाने मुलीचा आवाज खाली ओढेल. हे पान तीन आठवडे आधी पाठवा. तरीही त्या दिवशी दोन छापील प्रती जवळ ठेवा, एक समोरच्या टेबलासाठी, एक मंचावरच्या माणसासाठी. पाठवलेलं पान मंचावर पोचलेलं असेलच असं धरून चालू नका.

लाइन चेक सुरू झाला की फक्त ज्याचा नंबर आला त्यानेच वाजवायचं. बाकीच्यांनी तारांना हातसुद्धा लावायचा नाही. प्रत्येकी २० ते ३० सेकंद पुरतात, म्हणजे नऊ चॅनल चार-साडेचार मिनिटांत होतात. तपासताना कार्यक्रमातल्या सगळ्यात जोरकस जागेइतकंच जोरात वाजवा. मुलं इथे हमखास गडबड करतात: तपासणीला डफावर हळूच बोटं टेकवतात आणि पहिल्या गाण्यात थाप मारतात, की सुई लालमध्ये. उरलेल्या वेळात सगळ्यांनी मिळून सगळ्यात भरगच्च धृपद एकदा वाजवा, ४० सेकंद. साउंडवाल्याशी पाचांपैकी एकानेच बोलायचं. मॉनिटरमध्ये आपलं वाढवून मागण्याआधी दुसऱ्याचं कमी करून मागा. पाच जणांनी पाचदा 'माझं वाढवा' म्हटलं की शेवटी शिट्टीच ऐकू येते.

शिट्टी आणि घूं हे दोन वेगळे आजार आहेत. उंच शिट्टी बहुतेक वेळा गाण्याच्या माइकमधून येते: माइकचं तोंड मॉनिटरकडे वळलेलं असतं किंवा जाळीभोवती मूठ आवळलेली असते. मुलांना माइक दांड्याला धरायला शिकवा. खालचा घूं गिटारचा असतो. मोठ्या गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्‌झच्या आसपास घुमते आणि मॉनिटर तिला खतपाणी घालतो. गोल भोकात बसणारं रबरी झाकण लावलं की निम्मा प्रश्न मिटतो. उरलेला साउंडवाल्याला 'शंभरच्या आसपास थोडं कापा' म्हटलं की मिटतो. गिटारचा आवाज पत्र्यासारखा पातळ येत असेल तर दोष बहुधा पिकअपचा (वाद्याचा कंप टिपणाऱ्या तुकड्याचा) नसतो. पिएझो पिकअपला पुढे किमान १ मेगाओहमचं दार लागतं. कमी रोधाच्या जागी जोडला की खालचा भराव गळून जातो. स्वतःचे दोन ॲक्टिव्ह डीआय बॉक्स बाळगा आणि त्यांवर आपल्या रंगाची पट्टी चिकटवा. गिटारमधली ९ व्होल्टची बॅटरी वायर खोचली की चालू होते, त्यामुळे केसमध्ये ठेवताना वायर काढली नाही तर उगाचच संपत राहते.

आणि पहिलं गाणं बदला. एका आवाजाने आणि एका वाद्याने सुरू होणारं, पुढच्या प्रत्येक कडव्यात एकेक वाद्य वाढत जाणारं गाणं पहिलं ठेवा. साउंडवाल्याला प्रत्येक नवा चॅनल आल्यावर तो उचलायला एक कडवं मिळतं, आणि प्रेक्षकांना ती मांडणीच वाटते. सगळे एकदम तुटून पडणारं गाणं तिसरं. पाचही जण एकाच मोठ्या माइकभोवती उभे राहून गाण्याची जुनी पद्धत दिसायला देखणी आहे, घरात आणि लहान सभागृहात कानालाही गोड लागते. पण उघड्या मैदानात वारा आणि शेजारच्या मंचाचा ढणढणाट तोच माइक ओढून घेतो. तिथे तो मोह टाळा.

४५ मिनिटं मिळाली तर ४१-४२ चीच बांधणी करा, साधारण नऊ गाणी. यादीत प्रत्येक गाण्यापुढे पट्टी, कॅपो (गिटारच्या तारा दाबून धरणारा चिमटा) कितव्या घरात आणि सुरुवात कोण करणार एवढं मोठ्या अक्षरात लिहा. एकाच पट्टीची गाणी शेजारी-शेजारी ठेवा. एका गाण्यापुढे कंस करून ठेवा, उशीर झाला तर ते गाळायचं. वेळेपेक्षा जास्त वाजवणं हा महोत्सवात सगळ्यात मोठा गुन्हा. पुढच्या वर्षी बोलावणं का आलं नाही याचं उत्तर पुष्कळदा तिथेच असतं.

मँडोलिन आणि ॲकॉर्डियनचं भांडण मात्र गंमतीचं आहे, कारण त्यात बहुधा कोणाचीच चूक नाही. पुष्कळ ॲकॉर्डियन कारखान्यातून 'ए' स्वर ४४२ हर्ट्‌झला लावून येतात. भावजींचा ट्यूनर ४४० वर असणार. दोघं आपापल्या जागी बरोबर, पण एकत्र आले की मधल्या 'ए' स्वरावर सेकंदाला दोन हेलकावे येतात. द्रुत गाण्यात ते लपतात, संथ गाण्यात उघडे पडतात. घरीच तपासा: ॲकॉर्डियनचं एकाच रीडचं, म्हणजे एका स्वराला एकच पातं वाजवणारं, रजिस्टर लावा (दोन रीडचं कंप असलेलं नको, त्यात दुसरं रीड मुद्दाम चढवलेलं असतं), भाता मध्यम दाबाने ओढा आणि तो 'ए' ट्यूनरवर पाहा. जो आकडा येईल तो सगळ्यांनी आपल्या ट्यूनरमध्ये भरायचा. ॲकॉर्डियन मंचावर लावता येत नाही, म्हणून बाकीच्यांनीच त्याच्याकडे यायचं. यासाठी एक पैसा लागत नाही.

एवढं करूनही मँडोलिन हलत राहिलं तर कारणं हवेत शोधा. दमट हवेत लाकूड फुगतं, वरची फळी वर येते आणि तारा चढतात. उन्हात किंवा दिव्यांखाली तार तापून सैल पडते आणि उतरते. सावलीत लावलेलं वाद्य उन्हात नेलं की दोन मिनिटांत उतरणारच, म्हणून शेवटचं लावणं मंचावर चढून, त्याच उजेडात. स्वर नेहमी खालून वर आणून थांबवा. वर गेला तर खाली नेऊन पुन्हा वर आणा, नाहीतर खुंटीतली ढिलाई पुढच्या गाण्यात बाहेर येते. तारा आदल्या दिवशी बदला, त्याच दिवशी नाही. वरच्या खाचांत मऊ पेन्सिलीचं शिसं घासा. मँडोलिनची घोडी तारांच्या दाबावरच उभी असते, तेव्हा आठही तारा एकदम कधी काढू नका, जोडी-जोडीने बदला. व्हायोलिनला तर हे दुप्पट लागू: सगळ्या तारा एकदम सैल केल्या की आतली दांडी पडते आणि ती बसवायला कारागीरच लागतो.

उन्हात बंद उभी केलेली गाडी हा वाद्यांचा सगळ्यात मोठा शत्रू. बाहेर ३५ अंश असले तरी तासाभरात आत ५० च्या वर जातात. ॲकॉर्डियनची रीडं मेण आणि राळेच्या मिश्रणाने बसवलेली असतात. ते मऊ पडलं की रीड जागेवरून सरकतं, कधी सुटूनच पडतं. व्हायोलिनची कड सरसाने मुद्दाम जरा कमजोर चिकटवलेली असते, ताण आला तर लाकूड चिरण्याऐवजी सांधा उघडावा म्हणून. त्यामुळे कड सुटलेली दिसली तर घाबरू नका, पण घरातला डिंक किंवा झटपट गोंद लावू नका. वाद्यं दुरुस्त करणाऱ्याचं काम चौपट होतं. केसमध्ये आर्द्रता ४५ ते ५५ टक्के राहील अशी, दमटपणा शोषणारी आणि गरजेला सोडणारी पुडी ठेवा, छोटा आर्द्रतामापक ठेवा. थंड गाडीतून उबदार खोलीत आणलं की केस लगेच उघडू नका, अर्धा तास जाऊ द्या. रीडवर दव धरलं की गंज पुढेच असतो. गाडी भरताना वाद्यं सगळ्यात शेवटी आत, उतरवताना सगळ्यात आधी बाहेर, आणि प्रत्येक वेळी नग मोजायचे. एकूण आकडा गाडीच्या दारावर आतून लिहून ठेवा. मोजण्याचं काम मुलाला द्या, दहा वर्षांची मुलं यात मोठ्यांपेक्षा काटेकोर असतात.

डफाचं कातडं संध्याकाळच्या दमटपणात सैल पडतं. केस वाळवण्याचा ड्रायर हातभर लांब धरून गोल फिरवत राहा. एका जागी धरला तर कातडं तिथे आक्रसून फाटतं. कृत्रिम पानाचा एक जादा डफ गाडीत असलेला बरा, पावसाच्या दिवशी तोच वाजवा. आणि मुलाच्या कानांवर कानपट्ट्या. ८५ डेसिबल आठ तास चालतात, पण प्रत्येक ३ डेसिबलला मुदत निम्मी होते, म्हणजे १०० ला फक्त १५ मिनिटं. वाट पाहत दुसऱ्याच्या स्पीकरशेजारी उभं राहण्यात ती सहज संपतात.

पैशाचं. भावजींची तक्रार अर्धी खरी आहे. पाच वादक, पाच सारखे वाटे, हा नियम वाजवण्यापुरता न्याय्यच आहे, आणि चार वाटे एका घरात जातात कारण चार जण वाजवतात. खुपतं ते वेगळं: गाडी चालवणं हेही काम आहे आणि तुमच्या हिशेबात ते कुठेच नाही. तुम्ही तारखा जमवता, फोन करता, करार पाहता, तेही नाही. आधी कामं लिहा, मग वाटे. समजा मानधन १०० आहे. त्यातून प्रवास, मुक्काम आणि चालकाचा ठरलेला मेहनताना मिळून ३५ गेले. ज्याची गाडी, त्याला किलोमीटरमागे भाडंही त्यातच. तारखा जमवणाऱ्याचे १०; बाहेरचा एजंट ठेवला असता तरी त्याने १० ते १५ टक्के घेतलेच असते. १० दुरुस्ती निधीत. उरले ४५, प्रत्येकी ९. मुलांचे नऊ-नऊ त्यांच्या स्वतःच्या खात्यात, घरखर्चात नाही. असं केलं की 'चार वाटे आमच्या घरात' हे वाक्य म्हणायलाच जागा उरत नाही, आणि भावजींच्या हातात वाट्याबरोबर चालकाचा मेहनतानाही दिसतो. विक्रीच्या मालाचा हिशेब वेगळा: ज्याने पैसे घातले त्याची मुद्दल आधी, नफा नंतर वाटा. टेबलावर माणूस शेवटचं गाणं संपायच्या आत बसलेला हवा, कारण खरी विक्री त्यानंतरच्या अर्ध्या तासातच होते. हे सगळं एका कागदावर, पाचांच्या सह्यांनिशी. आणि हिशेब करायचा तो घरी पोचल्यावर तिसऱ्या दिवशी. रविवारच्या गाडीत पैशाचा विषय काढायचा नाही, हा नियम करून टाका.

घरच्या माणसांत कसले कागद, असं वाटेल. १९२७ साली अमेरिकेत ब्रिस्टल इथे पहिलं ध्वनिमुद्रण केलेल्या कार्टर कुटुंब या घरच्याच लोकसंगीताच्या पथकातले ए. पी. आणि सारा हे नवरा-बायको पुढे वेगळे झाले, तरी नंतर काही वर्षं एकत्र गात राहिले. नातं आणि काम हे दोन वेगळे करार आहेत, ते वेगवेगळे लिहिले तर एकाचं ओझं दुसऱ्यावर पडत नाही.

आयोजकांकडून निम्मं मानधन तारीख पक्की करताना आणि उरलेलं मंचावर चढण्याआधी, असं लिहून घ्या. पावसाने कार्यक्रम रद्द झाला तर काय, हे वाक्य हवंच: पथक वेळेवर, तयारीने हजर असेल तर पूर्ण मानधन. प्रवेशपत्रं किती, गाडी मंचाच्या किती जवळ नेता येईल, चित्रीकरण कुठे दाखवणार, हेही. वाजवलेल्या गाण्यांची यादी आयोजकांना किंवा तुम्ही सभासद असलेल्या स्वामित्वशुल्क संस्थेला द्या. पारंपरिक गाण्याची तुमची मांडणी नोंदवता येत असेल तर नोंदवा, थोडे का होईना पैसे येतात.

मुलीला 'येणार नाहीस का?' असं विचारू नका. तारखा पक्क्या करण्याआधी वही तिच्यापुढे ठेवा आणि तिच्या नको असलेल्या तारखांवर तिलाच फुली मारू द्या. एकदा तारीख लागली की मात्र ती तिचीही जबाबदारी. हे निभवायचं तर प्रत्येक गाण्याची व्हायोलिनशिवायची मांडणी तयार हवी: सुरुवातीचा तुकडा मँडोलिनकडे, मधला ॲकॉर्डियनकडे. महिन्यातून एक सराव तिच्याशिवाय करा. एक बदली वादक हेरून ठेवा आणि त्याला पट्टी लिहिलेली यादी व सरावाचं ध्वनिमुद्रण आधीच द्या. जाहिरातीत पाच जणांचा फोटो असेल तर पत्रकावर 'चार किंवा पाच वादक' असं छापा, नाहीतर आयोजक कराराकडे बोट दाखवतील. मुलाचं सोपं आहे: रात्री नऊनंतरच्या कार्यक्रमात तो फक्त पहिली तीन गाणी वाजवेल असं आधीच ठरवा आणि मंचामागे एक मोठा माणूस त्याच्यासाठी ठेवा. अनेक देशांत लहान मुलांच्या सादरीकरणाला परवाना लागतो, आयोजकांना पहिल्याच पत्रात विचारा.

परदेशच्या दोन तारखांपैकी यंदा एकच घ्या. वाद्यांसाठी एटीए कार्ने काढता येतो का पाहा. १९६१ च्या करारानुसार चालणाऱ्या या कागदावर वाद्यं कर न भरता तात्पुरती नेऊन परत आणता येतात, पण यादीतलं प्रत्येक वाद्य परत आलंच पाहिजे. मग लाकूड. गिटार जुनी असेल आणि तिच्यात ब्राझिलियन रोझवूड असेल तर ते १९९२ पासून दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, म्हणजे साइट्‌सच्या पहिल्या परिशिष्टात आहे, त्याला स्वतंत्र प्रमाणपत्र लागतं. इतर रोझवूडच्या तयार वाद्यांना नोव्हेंबर २०१९ पासून सूट आहे. व्हायोलिनच्या गजाच्या टोकाला हस्तिदंत आहे का, तेही तपासा. असेल तर तो गज घरी ठेवून साधा न्या. विमानात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच.

राहिलं ॲकॉर्डियन. दोन सूर 'बंद पडतात' म्हणजे नेमकं काय, ते आधी बघा. पट्टी दाबल्यावर वरच येत नसेल तर लाकूड फुगलंय किंवा खाली कचरा आहे. पट्टी नीट हलते पण सूर फक्त भाता ओढताना किंवा फक्त दाबताना येत नाही, असं असेल तर दोष त्या एका रीडचा: प्रत्येक स्वराला दोन दिशांची दोन रीडं असतात आणि एकीत कण अडकलाय. पट्टी दाबून धरून भाता तीन-चार वेळा जोरात चालवा, पुष्कळदा कण उडतो. नाही उडाला तर टाचणी घालू नका, कारागिराकडे न्या. गरम गाडीत राहिल्यानंतर हे सुरू झालं असेल तर त्याला मेण तपासायला सांगा. भाताही पाहून घ्या: एकही पट्टी न दाबता, बंद्या सोडून, वाद्य एका बाजूने उचलून धरा. भाता आपल्या वजनाने अगदी सावकाश उघडला तर तो धड आहे, झरकन उघडला तर गळतोय. दोन रीडं आणि मेणाचं काम हंगामाआधी सहज होतं. नव्या ॲकॉर्डियनचा विचार हंगाम संपल्यावर, दुरुस्ती निधीत किती साठलंय ते पाहून करा, आणि घेताना विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा की हे ४४० ला लावलंय की ४४२ ला.